वर आलास की फोन कर

रॉबर्टसनपेट, केजीएफ (कोलार गोल्ड फील्ड्स)

चि. बाळूस अनेक उत्तम आशीर्वाद.

पहाटे मारिकुप्पमची गाडी सुटली की अजून वाटतं, तू बंगलोरला निघालायस आणि रात्री जेवायला परत येशील. खाणीचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे. छकुलीला शाळा आवडली का? सूनबाईला मेतकूट पुरतंय ना?

मास्क लावतोस ना, बाळा? घाम आला म्हणून खाली ओढू नकोस. अण्णा ओढायचे.

तू सांगितलंस, तुझ्या त्या ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत सोन्यासाठी माणसं धावत आली तेव्हा प्यायचं पाणीसुद्धा विकत होतं, टायफॉइडनं किती गेली, आणि १९०३ साली पाचशे किलोमीटरहून लांबून नळानं पाणी आलं. त्या तंबूंत चूल मांडणाऱ्या बायकाच माझ्या डोळ्यांपुढे येतात. आपल्या खाणीला १९०२ सालीच शिवनसमुद्राची वीज आली होती, पण रात्री खाली खाणीत खडक फुटून जमीन हादरून मांडणीवरच्या कपबश्या वाजल्या की दिव्याचा काय उपयोग? सगळ्या जणी दारात. कुठल्या खाणीचा शाफ्ट, चॅम्पियन की नंदीदुर्ग? बेळगावहून नवी आलेली मी, तमिळ कळायचं नाही, नुसती तोंडं बघायची. अण्णा परतले की तू त्यांच्या कानामागची धूळ बोटानं पुसायचास. ती पुसता आली. छातीतली नाही.

बघ, पुन्हा तिथेच आले. एवढा शिकलेला तू, तुला मी काय सांगणार? रागावू नकोस. पण दर वर्षी छातीचा फोटो काढ, तिथले डॉक्टर म्हणोत न म्हणोत.

एक गोष्ट कुणालाच सांगितली नाही. २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली. दुसऱ्या दिवसापासून भोंगा नाही, कुकर कधी लावायचा तेच कळेना. अख्खी गल्ली रडत होती. मीही रडले, पण आतून सुटल्यासारखं वाटलं. आता माझा बाळू नाही जायचा खाली, असं त्या दिवशी देवापुढे म्हटलं होतं.

आणि आता भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना मीच सांगते की कोलारच्या पोराला ऑस्ट्रेलियाच्या खाणीनं बोलावून घेतलं. सांगताना ऊर भरून येतो. घरी आल्यावर पाय गळतात.

अण्णांना रात्री दोन उशा लागतात. काल मात्र ताठ बसून विचारत होते, तिथली केज, खाणीत उतरायचा तो पाळणा, तळाला जायला किती मिनिटं घेते? केज नाही, उताराच्या रस्त्यानं गाडीतूनच खाली जातात, हे तुझं म्हणणं त्यांना पटलेलं नाही. त्यांना नीट कागदावर काढून पाठव.

मला ते चित्र नको. वर आलास की फोन कर, इकडे कितीही वाजले असले तरी. मी जागीच असते.

तुझी,
आई