नोव्हाचं इंजिन: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

कोल्हापूर, रविवार

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

गाडीचे आणि बाहेर काढलेल्या इंजिनाचे फोटो मिळाले. शेवरोलेची १९७२ ची नोव्हा, साडेतीनशे क्युबिक इंचाचं स्मॉल ब्लॉक (त्यांचं लहान बांध्याचं व्ही-८ इंजिन), वर चार बॅरलचा, म्हणजे हवेच्या चार वाटांचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर. छान वस्तू आहे. पण खर्चाची तुझी यादी वाचली, तर पहिल्या ओळीत मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट), दुसरीत चकचकीत रॉकर कव्हर (इंजिनावरचं झाकण) आणि तळाला ‘मशीन शॉप, उरले तर’. ही यादी उलटी कर.

आधी एक गैरसमज काढून टाक. १९७० साली याच इंजिनाला ३०० एचपी छापायचे आणि १९७२ साली २००, म्हणून मधल्या दोन वर्षांत १०० एचपी कुठे गेले असं तू विचारलंस. बरेचसे कागदावरच गेले. आधीचा आकडा ग्रॉस, म्हणजे फॅन, एअर क्लीनर, सायलेन्सर असलं काही न लावता टेस्ट बेंचवर घेतलेला. १९७२ पासूनचा नेट, गाडीत बसलेल्या इंजिनाचा. खरी घट झाली ती कॉम्प्रेशनमुळे (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा): कमी शिशाच्या पेट्रोलसाठी जनरल मोटर्सने १९७१ पासून ते १०.२५ वरून ८.५ वर आणलं. म्हणून कमी पैशात ताकद परत आणायची तर हात कॉम्प्रेशनला आणि हेडला (सिलिंडर वरून बंद करणारा, व्हॉल्व्ह असलेला भाग) घालायचा.

काहीही उघडण्याआधी उजव्या हेडच्या पुढे, आल्टरनेटरच्या मागे ब्लॉकवर एक सपाट पट्टी आहे ती पुसून बघ. तिथे ठोकलेल्या अक्षरांत व्ही असेल तर इंजिन फ्लिंटच्या कारखान्यातलं. तिथेच गाडीच्या नंबराचे शेवटचे आकडेही असतात. ते तुझ्या नोव्हाशी जुळले तर त्या ब्लॉकचा माथा मशीनवर घासू देऊ नकोस. नंबर गेले की गाडीची किंमत उतरते. तसं असेल तर तो ब्लॉक तेल लावून बाजूला ठेव आणि भंगारवाड्यातून जुन्या पिकअपचा ब्लॉक आण. मागच्या फ्लँजवर ३९७००१० हा ओतीव आकडा असलेले ब्लॉक त्या काळात भरपूर निघाले. मेन कॅपला (क्रँकशाफ्ट धरून ठेवणारी कमान) दोन बोल्ट आहेत की चार हे त्या आकड्यावरून कळत नाही, ऑइल पॅन काढूनच कळतं. साडेतीनशे एचपीपर्यंत दोन बोल्ट पुरतात. चार बोल्टसाठी जास्त पैसे मोजू नकोस.

आता हिशेब. ब्लॉकचे सिलिंडर तीस थाऊ बोअर करायचे, म्हणजे कापून रुंद करायचे धरू (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, तिकडे अमेरिकेतल्या मशीन शॉपमध्येही तेच माप चालतं). बोअर ४.०३० इंच, स्ट्रोक ३.४८ इंच, म्हणजे एका सिलिंडरचे ७२७ सीसी. सपाट माथ्याचा, व्हॉल्व्हसाठी चार खाचा असलेला पिस्टन घेतलास तर खाचांचे ६ सीसी. पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या माथ्यापासून साधारण २५ थाऊ खाली राहतो, त्याचे ५.२. गॅस्केट ४१ थाऊचं असेल तर ८.९. तुझ्या आत्ताच्या हेडचं चेंबर (मिश्रण जळतं ती पोकळी) ७६ सीसीचं धरलं तर कॉम्प्रेशन येतं ८.६. म्हणजे नुसते नवे पिस्टन घालून काहीच हाती लागत नाही. हेच गणित ६४ सीसीच्या हेडवर केलं की ९.६५, आणि गॅस्केट २८ थाऊचं घेतलं की ९.९५. लोखंडी हेडला रस्त्यावर तेवढं पुष्कळ. तिकडच्या पंपावरचं ९३ वापर. अमेरिकेतला ऑक्टेनचा आकडा दोन पद्धतींची सरासरी असतो, त्यामुळे आपल्याकडच्या ९५ शी त्याची थेट तुलना करू नकोस.

पातळ गॅस्केटचा दुसरा फायदा जास्त मोलाचा आहे. पिस्टनचा सपाट भाग आणि हेडचा सपाट भाग जितके जवळ येतात, तितकं तिथलं मिश्रण जोरात पिळून ठिणगीकडे ढकललं जातं आणि नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) कमी होतं. ४० थाऊच्या आसपास उत्तम, ५३ चालतं, ६६ ला ते पिळणं जवळजवळ संपतं. म्हणून ‘कॉम्प्रेशन कमी ठेवायला जाड गॅस्केट घाल’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस.

६४ सीसीचं स्वस्त हेड म्हणजे व्हॉर्टेक. १९९६ ते २००० च्या शेवरोले पिकअप आणि मोठ्या एसयूव्हींच्या ५.७ लिटर इंजिनावर येतं, ओतीव आकड्याचे शेवटचे तीन अंक ९०६ किंवा ०६२. व्हॉल्व्ह तुझ्या हेडसारखेच, १.९४ आणि १.५० इंचांचे, पण पोर्ट आणि चेंबर फार सरस. घेताना दोन व्हॉल्व्ह सीटांच्या मध्ये तडा आहे का ते मॅग्नेट आणि लोखंडी पुडीने तपासून घे. तिथे ते हटकून तडकतात. पैसे देण्याआधी तपास, नंतर नाही.

व्हॉर्टेकबरोबर काय काय बदलावं लागतं ते न धरल्यामुळेच बजेट फाटतं. इनटेक मॅनिफोल्डचे बोल्ट वेगळ्या जागी, एकूण आठच, म्हणून व्हॉर्टेकसाठीचंच मॅनिफोल्ड लागेल. क्वाड्राजेट ठेवायचा असेल तर स्प्रेड बोअरचं (पुढची दोन भोकं लहान, मागची दोन मोठी) बघ. ते बोल्ट ११ फूट-पाउंडलाच (आवळण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप) आवळायचे, जुन्या सवयीने ३० ला नेलेस तर गेलं. रॉकर कव्हर मधोमध बोल्टवालं लागतं. या हेडला एक्झॉस्टची ऊब मॅनिफोल्डखालून नेणारी वाट नाही, त्यामुळे क्वाड्राजेटचा गरमीवर चालणारा चोक उघडणारच नाही, इलेक्ट्रिक चोक बसव. रॉकर आर्म (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्या) व्हॉर्टेकचेच, स्वतःला व्हॉल्व्हवर धरून ठेवणारे घे. तुझे जुने त्यावर घातले तर ते व्हॉल्व्हच्या टोकावरून बाजूला सरकतात.

मशीन शॉपमध्ये ब्लॉक धुऊन, तडे तपासून, बोअर आणि होन (आतून बारीक घासणी) करायला सांग. पिस्टन आधी त्यांच्या हातात दे, मग बोअर होऊ दे. क्रँक दहा थाऊ ग्राइंड करून मिळेल. कनेक्टिंग रॉड तेच चालतील, पण बोल्ट नवे आणि त्यानंतर बिग एंड (रॉडचं क्रँकवर बसणारं टोक) पुन्हा गोल करून घ्यायचं. इथे वाचवलेले पैसे साडेपाच हजार आरपीएमला ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर येतात. कॅम बेअरिंगही तिथेच बसवून घे.

परत आलेला ब्लॉक कितीही स्वच्छ दिसला तरी साबण आणि गरम पाण्याने घास, सगळ्या ऑइल गॅलरीत लांब ब्रश फिरव. मग सिलिंडर पांढऱ्या कापडाला ट्रान्समिशन ऑइल लावून पूस. कापड करडं निघतंय तोवर होनिंगची पूड आत आहे, आणि ती रिंगा खाते. गॅलरीचे प्लग मोजून बसव. टायमिंग गिअरमागचे तीन सगळ्यांना आठवतात, मागच्या मेन कॅपखालचा एक लहान प्लग लोक विसरतात. तो राहिला तर प्रेशर नीट दिसतं आणि ऑइल फिल्टरला वळसा घालून जातं.

बेअरिंगची फट मेनला आणि रॉडला २ ते २.५ थाऊ. प्लास्टिगेज (दाबल्यावर चपटी होऊन फट दाखवणारी मऊ पट्टी) कोरड्या जर्नलवर, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये बसणाऱ्या भागावर ठेवून, पूर्ण टॉर्कला आवळून, क्रँक अजिबात न फिरवता मोज. मेन ७० फूट-पाउंड (चार बोल्टवाला असेल तर बाहेरचे ६५), रॉड ४५, पण नव्या रॉड बोल्टच्या पाकिटावर दुसरा आकडा असेल तर तो धर. हेड ६५. हेडचे बोल्ट पाण्याच्या जॅकेटमध्ये उतरतात, म्हणून आट्यांना सीलंट लाव, नाहीतर बोल्टमधून पाणी वर येतं आणि गॅस्केट गेलं असं वाटून सगळं पुन्हा उघडलं जातं.

रिंग गॅपबद्दल (पिस्टन रिंगच्या दोन टोकांमधली फट) सावध. साध्या ओतीव पिस्टनला वरच्या रिंगला १६ ते १८ थाऊ. स्वस्तात मिळणारे हायपरयुटेक्टिक (जास्त सिलिकॉनच्या ॲल्युमिनियमचे) पिस्टन घेतलेस तर त्यांची वरची रिंग जास्त तापते आणि काही कंपन्या बोअरच्या दर इंचाला ६.५ थाऊ, म्हणजे २६ थाऊ मागतात. १६ वर ठेवलीस तर गरम झाल्यावर टोकाला टोक भिडतं आणि पिस्टनचा माथा कडेने तुटून पडतो. डब्यातला कागद फेकू नकोस.

आता तुझा लाडका कॅम. ५० थाऊ लिफ्टला (कॅमने टॅपेट तेवढं उचललेलं असताना) २१४ ते २१८ अंश, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबमधला, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्यांमधला कोन) ११२, एवढ्यावर थांब. मोठ्या कॅमचा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, त्यामुळे खालच्या आरपीएमला कॉम्प्रेशन गळतं, व्हॅक्यूम पडतो आणि पॉवर ब्रेक दगडासारखा होतो. मागच्या ॲक्सलमधल्या ३.०८ च्या गिअरवर तो कॅम सिग्नलला नुसता ढेकर देत राहील. कॅमवर वाचलेले पैसे ३.५५ किंवा ३.७३ च्या गिअरला ठेव. लिफ्ट ४५० थाऊच्या आत घे, आणि तरीही व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना रिटेनर (व्हॉल्व्ह स्प्रिंगवरची टोपी) आणि गाइड सीलमध्ये ५० थाऊ उरतात का ते मोज. व्हॉर्टेकचं मूळ हेड इथेच अडतं. कार्ब्युरेटर बदलायची गरज नाही. ३५५ क्युबिक इंच, ५५०० आरपीएम, गुणाकाराला ३४५६ ने भाग: ५६५ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा), तेही सिलिंडर शंभर टक्के भरला तर. क्वाड्राजेट त्याहून मोठा आहे, त्याचं किट घालून साफ कर.

ऑइल पंप साधाच, जास्त व्हॉल्यूमचा नको. पंपाची तेल ओढणारी नळी (पिकअप) पॅनच्या तळापासून ३/८ इंच वर, आणि पंपाला ब्रेझ करून पक्का (आतली स्प्रिंग आधी काढ). पंपाच्या शाफ्टचा प्लास्टिकचा कॉलर टाकून स्टीलचा घे.

टायमिंग चेन बसवताना दोन ठिपके समोरासमोर आले की सहा नंबरचा सिलिंडर पेटायच्या जागी असतो, एक नाही. डिस्ट्रिब्यूटर एक नंबरला लावायचा तर क्रँक एक पूर्ण फेरी फिरव. ही चूक झाली की इंजिन सुरू होत नाही, माणूस स्टार्टर मारत राहतो आणि तेवढ्यात नवा कॅम घासला जातो. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. एचईआय (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक) डिस्ट्रिब्यूटर घालणार असशील तर त्याला पूर्ण १२ व्होल्ट हवेत. पॉइंटच्या गाडीत कॉइलकडे जाणारी वायर रेझिस्टन्सची असते, तीच जोडलीस तर वरच्या आरपीएमला मिसफायर होईल आणि तू कार्ब्युरेटरला दोष देशील. बॅलन्सरची (क्रँकच्या पुढच्या टोकावरची चकती) रबरावरची बाहेरची रिंग पन्नास वर्षांत सरकलेली असू शकते, म्हणून तिच्यावरची टायमिंगची खूण पिस्टन स्टॉपने (पिस्टन अडवणारा बोल्ट) तपास. ठिणगीचं टायमिंग (पिस्टन अगदी वर येण्याआधी किती अंश) सुरुवातीला १२ अंश, व्हॅक्यूम नळी काढून ३००० आरपीएमला एकूण ३२ ते ३४. व्हॉर्टेकला ३६ लागत नाहीत.

पहिल्या स्टार्टची तयारी आदल्या दिवशी. कॅम आणि टॅपेट (कॅमवर टेकणारे दट्टे) दोन्ही नवे, लोबवर मॉलिब्डेनम पेस्ट, झिंक जास्त असलेलं ब्रेक-इन (नवं इंजिन रुळवायचं) ऑइल. डिस्ट्रिब्यूटर बाहेर असतानाच ड्रिलने ऑइल पंप फिरव, सोळाही रॉकरवर ऑइल येईपर्यंत, कुणाकडून तरी क्रँक हळूहळू फिरवून घेत. रेडिएटर भर, कार्ब्युरेटरचं बाऊल भर. इंजिन सुरू होताच थेट २००० आरपीएमवर ने आणि वीस ते तीस मिनिटं १८०० ते २५०० मध्ये वरखाली करत ठेव, आयडलला येऊ देऊ नकोस. सपाट टॅपेटच्या कॅमला ऑइल क्रँकने उडवलेल्या थेंबांतून मिळतं, आयडलला ते पुरत नाही. पाणी गळलं, आवाज आला तर सरळ बंद कर आणि दुरुस्तीनंतर उरलेली मिनिटं पूर्ण कर. मग ऑइल गरम असतानाच काढ, फिल्टर कापून घड्या उलगडून बघ. बारीक करडी पूड चालेल, नखाला टोचणारी चमक दिसली तर इनटेक उघडून टॅपेट बघायचे.

एवढं करून सव्वातीनशे ते साडेतीनशे एचपी ग्रॉस मिळायला हवेत. पैसे मशीन शॉपलाच संपत आले तर दुसरी वाट आहे: त्याच १९९६ ते २००० च्या पिकअपचं अख्खं इंजिन. त्यात रोलर कॅम (टॅपेटला चाक असलेला) असतो, ब्रेक-इनची कटकट नाही. मात्र त्याचं मागचं सील एकसंध असल्याने फ्लेक्सप्लेट (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडणारी चकती) त्याचीच, वजनवाली लागते. तुझी जुनी लावलीस तर गाडी थरथरेल. मेकॅनिकल पेट्रोल पंपाची जागा त्या ब्लॉकवर कोरलेली आहे का तेही आधी बघ.

प्लास्टिगेजच्या पट्ट्या चपट्या झाल्या की कागदावरच्या मापाशेजारी ठेवून पाचही मेनचे फोटो पाठव. ते बघून मी कळवेपर्यंत पिस्टन आत घालू नकोस.

बाबा