बाबांच्या बायपासला धावून आलेल्या सगळ्यांचे आभार

बऱ्याच जणांची नावं माहीत नाहीत, म्हणून इथेच लिहितोय. भर पावसात देवगडहून फोंडा घाट चढून बाबांना कोल्हापूरला सुखरूप नेणारे अॅम्ब्युलन्सवाले दादा आणि रक्त द्यायला रातोरात आलेली कणकवलीची पोरं, तुमचे उपकार विसरणार नाही. पण सगळ्यात जास्त सांगायचंय ते आयसीयूतल्या सिस्टरांबद्दल. आपल्याला वाटतं ऑपरेशन झालं की सुटलो, पण खरी कसोटी नंतरच असते, व्हेंटिलेटर, छातीतल्या नळ्या, दर तासाला ड्रेनमध्ये रक्त किती आलं, लघवी किती झाली, पोटॅशियम कमी तर नाही ना, सगळं टिपत त्या रात्रभर उभ्या होत्या. मधेच बाबांचे ठोके एकदम अनियमित झाले (बायपासनंतर २० ते ४० टक्के पेशंटना असं होतं), तेव्हा नाइटच्या सिस्टरनी मॉनिटरवर लगेच ओळखून डॉक्टरांना बोलावलं. आणि ते फिजिओवाले दादा! छातीशी उशी घट्ट धरून खोकायला लावायचे, बाबा चिडायचे, ते कधीच नाही चिडले, म्हणून छातीत कफ साठला नाही. आता बाबा रोज बंदरापर्यंत चालून येतात. मे महिन्यात सगळ्यांनी घरी या, हापूस खायला, बाबांनीच सांगितलंय.