रक्ताच्या गुठळीची जबाबदारी कुणाची? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सा. न. वि. वि.

मी कर्करोग विभागात फार्मासिस्ट आहे. मला नवी इमारत नको, यंत्रही नको. केमोथेरपी देणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात रक्ताच्या गुठळ्या कुणी सांभाळायच्या, हे आपल्या खात्याने लेखी ठरवून द्यावे, एवढीच विनंती आहे.

कर्करोग आणि गुठळ्यांचा संबंध आर्माँ त्रुसो या फ्रेंच डॉक्टरने १८६५ मध्येच मांडला. पुढे स्वतःच्या शिरेत गुठळी दिसताच त्याने आपला आजार ओळखला, आणि १८६७ मध्ये तो जठराच्या कर्करोगाने गेला. इतकी जुनी ही ओळख. तरीही एक पाय सुजला, पोटरी दुखू लागली, तर पुष्कळ रुग्ण ‘केमोमुळे होत असेल’ म्हणून घरीच थांबतात. तीच गुठळी सुटून फुप्फुसात गेली की वेळ हातात राहत नाही.

निदान झाले तरी खरी अडचण पुढेच असते. फिजिशियन रक्त पातळ करणारे औषध सुरू करतात. पुढच्या केमोनंतर प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, ५० हजारांच्या खाली येतात आणि रक्तस्रावाची भीती वाढते. आता डोस कमी करायचा की औषध थांबवायचे? कर्करोगतज्ज्ञ म्हणतात, ज्यांनी सुरू केले त्यांना विचारा. फिजिशियन म्हणतात, केमो तुमची. त्यात कर्करोगाची गाठ जठरात किंवा आतड्यात असेल तर एडोक्साबॅन, रिव्हरोक्साबॅन यांसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. बुरशीविरोधी काही औषधे या गोळ्यांचे रक्तातले प्रमाण वाढवतात. मूत्रपिंड अशक्त असेल तर हिशेब पुन्हा बदलतो. इंजेक्शन निवडले, तर रोज ते कोण टोचणार आणि घरच्यांना कोण शिकवणार? एकट्या डॉक्टरने ओपीडीच्या गर्दीत हे सगळे लक्षात ठेवावे, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

धोका आधी जोखताही येतो. २००८ मधला खोराना स्कोअर, म्हणजे गुठळीच्या धोक्याचे गुण, कर्करोगाची जागा, प्लेटलेट्स, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) यांवरून काढतात. केमोआधीच्या नेहमीच्या तपासण्या त्याला पुरतात. तो अचूक नाही. कमी धोक्याच्या गटातल्यांनाही गुठळ्या होतात. पण मोजलेच नाही, तर प्रतिबंधक औषधाचा विषयच निघत नाही. अमेरिकेत व्हर्माँट विद्यापीठाच्या कर्करोग केंद्रात डॉक्टर, नर्स आणि फार्मासिस्ट यांनी हे काम वाटून घेतले आहे.

स्वतंत्र विभाग मात्र काढू नका, साहेब. रुग्णाला आणखी एका रांगेत उभे राहावे लागेल. आहेत त्याच माणसांतून कर्करोगतज्ज्ञ, रक्तविकारतज्ज्ञ किंवा फिजिशियन, नर्स आणि फार्मासिस्ट यांची टीम नेमा. प्लेटलेट्स किती उतरल्यावर काय करायचे, शस्त्रक्रियेआधी औषध कधी थांबवायचे आणि नंतर कधी सुरू करायचे, हे टीमने आधीच लिहून ठेवावे. रक्तविकारतज्ज्ञ नसलेल्या छोट्या केंद्रांना मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाशी फोनवर जोडून द्या.

आणि प्रत्येक रुग्णाच्या फाइलवर जबाबदार व्यक्तीचे नाव व फोन नंबर असावा. पाय बहुधा रात्रीच सुजलेला लक्षात येतो, तेव्हा तो नंबर रात्रीही उचलला जाईल अशी सोय आदेशातच करावी.

आपली विश्वासू,
कर्करोग विभागातील एक फार्मासिस्ट