चावी काढून हातात देणाऱ्या मिस्त्रीमामांस

मामा, सप्रेम नमस्कार.

शेडचं दार उघडून आमच्या जुन्या पद्मिनी गाडीजवळ गेल्यावर तुम्ही पहिलं काम काय केलंत, तर इग्निशनमधली चावी काढलीत, पँटला पुसलीत आणि आमच्या हातात दिलीत. "देवाजवळ ठेवा. आठ दिवस हिचं काम नाही. गडबड करू नका." बॉनेट त्यानंतर उघडलंत. हे पत्र त्या चावीसाठी आहे.

तुमच्याआधी ज्यांना बोलावलं होतं, ते बाहेरची बॅटरी जोडून थेट सेल्फ मारायला निघाले होते. इंजिन फिरेना म्हटल्यावर ट्रॅक्टरला बांधून तिसऱ्या गिअरात ओढायचं ठरवत होते. "जुन्या गाड्या अशाच सुटतात" म्हणाले. अठरा पावसाळे खानापूर बाजूच्या दमट हवेत उभी असलेली गाडी! चार सिलिंडरचं इंजिन कुठंही थांबलं तरी कुठला तरी वाल्व उघडा राहतोच. त्या वाटेनं ओल आत जाते, लोखंडी रिंग लोखंडी भिंतीला गंजून चिकटते. अशा इंजिनाला ट्रॅक्टरनं ओढलं की रिंग तुटते, पिस्टनची खाच फुटते, नाहीतर पुशरॉड वाकतो. म्हणजे पाव लिटर तेलानं आणि थोड्या धीरानं सुटणारं काम सिलिंडर कातून मोठे करण्यावर, बोअरिंगवर जातं. ही साधी गोष्ट त्यांनी सांगितली नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात सिरिंजनं २५ मिली मिश्रण सोडलंत, निम्मं डिझेल, निम्मं इंजिन ऑइल. तीन दिवसांनी पुन्हा तेवढंच. टॅपेट कव्हर उघडून रॉकरवर, स्प्रिंगांवर तेल घातलंत आणि एकेक वाल्व लाकडी दांड्यानं दाबून बघितलात. पहिल्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वाल्व खाली जाऊन वर येत नव्हता. त्या दिवशी चावी फिरली असती तर काय झालं असतं, ते तिथंच कळलं.

सहाव्या दिवशी पुलीच्या नटाला पाना लागला. हाताखालचं पोरगं पान्याला पाइप अडकवून जोर लावणार, तेवढ्यात तुमचं "तडी, तडी!" म्हणजे थांब, थांब. पाइप काढायला लावलात. नुसत्या हाताच्या जोरानं जेवढं हलेल तेवढंच. पुढं अडलं की मागं, मागं अडलं की पुढं. बोटभर सरकलं, मग चार बोटं, आणि संध्याकाळी पूर्ण फेरा. तेव्हा कुणी काही बोललं नाही, पण तुमचा चेहरा आम्ही बघितला, मामा.

त्यानंतरही लगेच ठिणगी द्यायची नाही. कॉइलची वायर काढलेली, प्लग बाहेर, आणि नवं २०डब्ल्यू-४० ऑइल भरून दहा-दहा सेकंद सेल्फ, मध्ये मिनिटभर विश्रांती. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. प्लग नसले की कॉम्प्रेशनचा दाब नसतो, बेअरिंगवर भार कमी येतो, आणि तेल वरपर्यंत पोचायला उसंत मिळते. कित्येक इंजिनं या दोन मिनिटांच्या घाईत कोरडी फिरून मरतात.

पेट्रोलच्या टाकीचं काम वेळखाऊ होतं. जुन्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, उरतो तो चिकट रोगण, आणि तो कार्बोरेटरचे जेट बुजवतो. म्हणून टाकी उतरवली, मूठभर नट टाकून धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं हलवली, दोन दिवस उन्हात वाळवली. तोवर गाडी एक लिटरच्या बाटलीवर. टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाचा पडदा आणि सगळे रबरी पाइप बदलायचा आग्रह तुम्ही धरलात ते बरं झालं. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात टिकत नाही. आणि पडदा फाटला तर पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं, वरून काही दिसत नाही. डिपस्टिकचा वास घेऊन बघायची सवय तुम्हीच लावलीत.

आधीच्यांचं म्हणणं होतं, "ब्रेकचं नंतर बघू, आधी चालू तर होऊ दे." तुम्ही मात्र ब्रेक झाल्याशिवाय गाडी शेडबाहेर काढू दिली नाहीत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, ब्रेकच्या सिलिंडरात खड्डे पडतात. त्यात नुसतं नवीन रबरांचं किट घातलं तर महिन्याभरात वायसर, म्हणजे आतलं रबर, फाटतं. बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, उद्यमबागेत, लेथवर आत नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, बसवून आणलेत. रबराला पेट्रोल किंवा ग्रीस लागू दिलं नाही, कारण ते फुगतं; धुतलं ते ब्रेक ऑइलनंच. एअर काढली ती मागच्या डाव्या चाकापासून, मास्टर सिलिंडरपासून तेच सगळ्यात लांब. टायरची नक्षी शाबूत होती, तरी भेगा दाखवून पाचही बदलायला लावलेत.

रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी घालायचं नाही, हेही लक्षात ठेवलंय. ॲल्युमिनियमचं हेड, लोखंडी ब्लॉक, मध्ये क्षाराचं पाणी म्हणजे हेड आतून कुरतडलं जाणार. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच.

ठिणगी पाडणारे डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट पॉलिश पेपरनं घासून ०.४ मिमीचा गॅप दिलात आणि मगच म्हणालात, "आणा चावी." अर्धा चोक, तिसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं. १०८९ सीसीचा तो आवाज ऐकून शेजारच्या काकू पदर सावरत बाहेर आल्या.

मामा, काम येणारी माणसं बेळगावात पुष्कळ आहेत. उद्यमबाग त्यांच्याच जिवावर उभी आहे. पण ज्या दिवशी काहीच करायचं नसतं त्या दिवशी "आज नाही" म्हणणारा, आणि त्या दिवसाची मजुरी न घेणारा माणूस कमी भेटतो. पहिल्या दिवशी तुम्ही चहासुद्धा अर्धाच घेतलात आणि पैशाचं नाव काढू दिलं नाहीत. दुसऱ्याच्या जुन्या वस्तूला आपली समजून जपणं याहून मोठी सभ्यता आम्हाला माहीत नाही.

गाडी १६० किलोमीटर झाली. धूर नाही, टेंपरेचरचा काटा मध्यावर, ब्रेक सरळ लागतात. २०० झाले की धुवून निघालेला गाळ काढायला पहिलं ऑइल सोडायचं सांगितलंत, त्यासाठी येत्या रविवारी सकाळी गॅरेजवर येतो. इंजिन गरम असतानाच आणतो, म्हणजे गाळ तेलाबरोबर निघेल.

तुमचे,
पद्मिनीच्या घरातले सगळे