गोळ्या संपल्या, मग अजून दुखतं का?

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "चौदा दिवसांच्या गोळ्या झाल्या ना, मग अजून दुखतंय कसं?" मी "होईल कमी" म्हणून विषय टाळला, आणि रात्रभर मला तेच खात राहिलं. ओटीपोटाखालच्या गोष्टी आपण घरात कधी बोललोच नाही, म्हणून लिहिते आहे.

मला झाला होता तो गर्भाशय आणि गर्भनलिकांचा दाह. डॉक्टर त्याला पीआयडी म्हणतात. जंतू गर्भाशयाच्या मुखातून वर चढतात. पुष्कळदा ते क्लॅमिडियाचे किंवा गोनोरियाचे, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणाऱ्या रोगांचे असतात, पण योनीत एरवी राहणारे जंतूही हे करू शकतात. कित्येक जणींमध्ये नेमका जंतू सापडतच नाही, माझ्यातही सापडला नाही. तेव्हा "हे कुणामुळे झालं" हा प्रश्न घरात निघू देऊ नका, एवढं माझं ऐका.

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे पेनाने गर्भनलिका काढून दाखवली. आतून तिला डोळ्यांना न दिसणारी लव असते. ती सारखी हलत असते, म्हणून बीज गर्भाशयाकडे सरकतं. जंतू आले की शरीर पांढऱ्या पेशी धाडतं. त्या जंतूंना गिळतात, त्यांच्यावर जहाल द्रव्यं सोडतात, पण त्या माऱ्यात आपलंच नाजूक अस्तर आणि लवही सापडते. क्लॅमिडिया तर पेशीच्या आत दडून बसतो, त्यामुळे ही झुंज फारसं दुखत नसतानाही कितीतरी दिवस चालू राहते. मग जखम भरताना व्रण धरतो, नलिका आखडते, आजूबाजूचे अवयव एकमेकांना चिकटतात. गोळ्यांनी जंतू मरतात, व्रण जात नाही. बाबा, मला दुखतं ते त्याचं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात आहे ते मला माहीत आहे. स्वीडनमधल्या लार्स वेस्ट्रॉम यांनी अशा बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला आणि १९९२ साली आकडे मांडले. नलिका बिघडल्यामुळे मूल न होण्याचं प्रमाण एकदा दाह झालेल्यांत सुमारे ८ टक्के, दोनदा झालेल्यांत जवळजवळ २० आणि तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांत ४० टक्के होतं. मला एकदाच झाला आहे. हा ८ चा आकडा मी रोज मनात धरून असते.

दुसरी भीती मात्र खरी आहे. लव गेलेल्या जागी गर्भ अडकला तर तो नलिकेतच वाढतो, आणि नलिका फुटली तर जिवावर बेततं. म्हणून पाळी चुकली की तुम्हाला कळवायच्या आधी मी डॉक्टरांकडे जाईन. रागावू नका.

आई, मी आठ दिवस अंगावर काढलं. चालताना कळ यायची, तरी पाळीचंच असेल म्हणून पोट शेकत राहिले. तू आयुष्यभर तेच केलंस, मी तुझ्याकडूनच शिकले. तुला दोष देत नाही गं. पण उपचाराला उशीर होईल तसं नुकसान वाढतं, म्हणून धाकटीच्या ओटीपोटात दुखलं, अंगावरून वेगळं काही गेलं, तर "बायकांना असतंच" म्हणू नकोस. त्याच दिवशी घेऊन जा.

पुढच्या आठवड्यात माझी पुन्हा तपासणी आहे. तू येशील का?

तुमची,
थोरली