कसब्यातील घरगुती दुखापतींची नोंद : वर्गणी आणि माणसे दोन्ही हवीत

सप्रेम नमस्कार,

मंडळाची प्रथमोपचार पेटी कसब्यात आता कुणाला नवी नाही. पहिल्या पेटीचे पैसे तांबट आळीतल्या कारागिरांनी आपल्या कमाईतून बाजूला काढून दिले. कोपऱ्यावरच्या औषधवाल्या काकांनी गॉज आणि चिकटपट्टीचे बिल आजवर लावलेले नाही. निवृत्त परिचारिका ताईंनी तर भर उन्हात वाडे पालथे घालून, भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट किंवा बर्फ न लावता नळाचे वाहते पाणी वीस मिनिटे सोडायचे, हे घराघरांत करून दाखवले. या सर्वांचे ऋण मंडळ विसरणार नाही.

आता काम पुढचे आहे. आपल्या भागात घरात माणसे किती पडतात, भाजतात, कापून घेतात, याचा आकडा कुणाकडेच नाही. दवाखान्यात गेलेल्यांची तिथे नोंद होते. हळद दाबून कामाला लागलेली बाई कुठेच मोजली जात नाही. म्हणून घरोघर जाऊन विचारायचे ठरले आहे.

मागच्या खेपेला याच माहितीसाठी वाटलेले बरेच कागद कोरे परत आले, याचे वाईट वाटले. कोऱ्या कागदावरून घरात काही घडलेच नाही की कुणी लिहिलेच नाही, ते कळत नाही. तेव्हा काही झाले नसेल तर 'शून्य' लिहा. त्या शून्याशिवाय दर शंभर घरांमागे किती दुखापती, हे काढता येत नाही.

चूक आमचीही होती. 'अपघात झाला का?' असे विचारले की माणसांना रस्त्यावरची गाडी आठवते आणि उत्तर 'नाही' येते. या वेळी एकेक गोष्ट विचारू : शहाबादी फरशीवर किंवा शेवाळलेल्या पायरीवर कुणी घसरले का, तेल अंगावर उडाले का, विळीने कापले का, हीटरच्या रॉडचा शॉक बसला का, माळ्यावरून काही काढताना स्टूल कलंडले का, लहान मुलाने फिनेल किंवा बटण-सेल तोंडात घातला का. (सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी घरी थांबू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे, अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत आतून भाजतो.) शक्यतो स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाच विचारू, कारण कर्त्या पुरुषाला निम्मे ठाऊक नसते. एका चुलीवर जेवणारे ते एक घर. कामाला येणाऱ्या मावशींना आपल्या घरात लागले असेल तर ते वेगळ्या रकान्यात.

किरकोळ दुखापत माणूस लवकर विसरतो, म्हणून तिच्यासाठी नारळी पौर्णिमा ते त्रिपुरी पौर्णिमा एवढेच तीन महिने धरले आहेत. सणाच्या खुणेने आठवते, तारखेने नाही. टाके पडले, हाड मोडले किंवा दाखल व्हावे लागले, तर वर्षभरातले सांगावे. कुलूपबंद घरी तीनदा जायचे, एकदा तरी रात्री आठनंतर. नाहीतर नोकरदार गळतात आणि यादीत फक्त म्हातारी माणसे उरतात.

नोंदीत घसरून पडलेले ज्येष्ठ निघतील, त्यांच्या न्हाणीघरात दीड फुटी स्टीलची दांडी मंडळ बसवून देईल. नुसत्या टाइलमध्ये स्क्रू मारला तर भार पडताच दांडी उखडते. फास्टनर (भिंतीत घट्ट रुतणारा बोल्ट) मागच्या पक्क्या भिंतीत जायला हवा, आणि जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंतीत तो धरत नाही, तिथे लाकडी खांबाचा आधार घ्यावा लागेल. गवंडीकाम जाणणाऱ्याने पुढे यावे ही खास विनंती.

हवे ते : २४ स्वयंसेवक (जोडीने, एक बाई हवीच), त्रिपुरीनंतरचे दोन रविवार व मधली एक संध्याकाळ, दांडी बसवणीसह एका घराचे रु. १,५००, पण रु. १०० सुद्धा चालतील, छपाईला कागद. नावे व देणगी कोजागिरीपर्यंत कार्यालयात, सायं. ६ ते ८, सोमवार बंद. पावती घ्यावीच. घराचे नाव नोंदीत राहील, बाहेर जाणार नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
चिटणीस