मीनू, आडवा विंडलस घे

नागपूर

चि. मीनूस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही विंडलसचे, म्हणजे बोटीचा नांगर साखळीने वर ओढायच्या मशीनचे, कागद मी नीट वाचले. बर्डीवर जाऊन प्रिंट काढून आणली, मोबाइलवर बारीक आकडे वाचवत नाहीत. तुझ्या हाताबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही, असं आईला कबूल केलं आहे. व्हिडिओ कॉलवर तू उजवा हात सारखा कॅमेऱ्याखाली ठेवून राहिली होतीस, ते तिला दिसलं आणि मलाही. विजयदुर्गला रात्री वारा फिरला, नांगर घसरला, तो साखळीसकट हाताने वर घेतला, एवढंच तू सांगितलंस. बाकीचं त्या पट्टीवरून कळलं. असो. मशीनचं बोलू.

आडवा घे. उभ्याची पकड चांगली हे मला मान्य आहे. त्यात साखळी जिप्सीला, म्हणजे तिच्या कड्या धरणाऱ्या खाचांच्या चाकाला, अर्धा वेढा घेते, आडव्यात जेमतेम पाव. शिवाय उभ्याची मोटर डेकखाली असते, वर लाटांचा मारा लागत नाही. पण तुझी साखळीची पेटी उथळ आहे, आणि ती मोटर त्यातलीच जागा खाईल. साखळी आपल्या वजनाने खाली उतरायला ढिगाच्या माथ्यावर निदान फूटभर मोकळी जागा हवी. ती नसली की ढीग उंच होतो, साखळी तोंडाशी तुंबते, आणि कुणाला तरी पेटीत हात घालून तो पाडावा लागतो. कुणाला तरी म्हणजे तुलाच. बोटीवर दुसरं आहे कोण? म्हणून आडवा.

ताकदीचा हिशोब करून पाहिला. 8 मिलीमीटरची साखळी मीटरला साधारण 1.4 किलो भरते. तुझी 50 मीटर म्हणजे 70 किलो, वर 15 किलोचा नांगर. 85 झाले. याच्या तीन ते चार पट ओढ असावी असा नियम धरतात, म्हणजे 255 ते 340 किलो. कागदावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा जास्तीत जास्त ओढीचा असतो, त्या ओढीला मोटर थांबायच्या बेतात येते. रोजच्या कामाचा आकडा खाली बारीक अक्षरात आहे, तो पाहा. खरं तर आठ मीटर पाण्यात लटकणारं वजन तीस किलोसुद्धा होत नाही. भार पडतो तो खाडीच्या चिखलात रुतलेला नांगर सोडवताना, आणि ते काम विंडलसचं नाहीच. इंजिनाने बोट पुढे घे, साखळी ढिली पडू दे, मग ढिली साखळी गोळा कर. नांगर सुटत नसेल तर साखळी भक्कम खुंट्याला अडकवून बोटीच्या जोराने सोडव.

जिप्सी तुझ्याच साखळीची हवी. दहा कड्या ताणून व्हर्नियरने माप. डिन 766 या जर्मन मापाची 8 मिलीमीटरची साखळी असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 256 मिलीमीटर भरेल. अमेरिकन मापाची दिसायला तशीच असते, पण कडी लांब. ती या जिप्सीत बसत नाही, उडी मारते. आणि साखळीने उडी मारली की माणूस सवयीने हात पुढे करतो.

बघ, आलंच शेवटी.

मोरेश्वरकाका डाव्या हाताने का जेवतात, हे तू लहानपणी विचारायचीस आणि आई तुला गप्प करायची. खाणीत हॉलेजचा, म्हणजे डबे ओढायच्या मशीनचा, दोर ड्रमवर नीट बसावा म्हणून त्यांनी तो नुसता हाताने लोटला होता. पंचवीस वर्षांचा अनुभव होता त्यांना. हॉलेजवर मी उभी हयात काढली, आणि तिथला एक नियम तुझ्या बोटीवरही लागू पडतो. टब, म्हणजे रुळावरचा डबा, थांबला की त्याला दोराच्या भरवशावर कुणी सोडत नाही, रुळावर अडसर, म्हणजे स्टॉपब्लॉक, पडायलाच पाहिजे. तुझी बोटसुद्धा रात्रभर विंडलसवर ठेवू नकोस. साखळीला हुक लाव, त्याला नायलॉनचा लांब दोर, तो दोर खुंट्याला. लाटेचा झटका नायलॉन खातो आणि गिअर वाचतो. साखळीचं शेवटचं टोकही पेटीत दोराने बांध. तो दोर डेकवर येईल इतका लांब ठेव, म्हणजे जीवावर बेतलं तर सुरीने कापता येईल. नांगर जाऊ दे. नांगर पुन्हा विकत मिळतो.

लेक्चर झालं. तुला यातलं निम्मं माझ्याआधी माहीत असेल, राग मानू नकोस. खिंडसीच्या तलावावर गेलो तेव्हा तू सात वर्षांची होतीस, होडी काठाला लागली तरी उतरायला तयार नव्हतीस. नावाडी म्हणाला, साहेब, पोरीला इथंच ठेवून जा. आई किती हसली होती. 2018 मध्ये नौदलाची शिडाची बोट तारिणी सहा जणींना घेऊन जगाची फेरी पूर्ण करून गोव्याला परतली, तेव्हा पेपरातला तो फोटो तू कापून ठेवलास. तो अजून तुझ्या कपाटाच्या दाराला आहे. अंबाझरीला सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्यांना मी सांगितलं आहे, माझी मुलगी मुंबईहून गोव्यापर्यंत एकटी शिडाची बोट घेऊन जाते. सांगताना छाती भरून येते. घरी येताना मात्र त्यातला 'एकटी' तेवढा डोक्यात राहतो. त्या सहा जणी होत्या, मीनू.

केबलचं माझ्यावर सोड. 1000 वॉटची मोटर 12 व्होल्टवर ऐंशीच्या वर अँपिअर ओढणार. बॅटरीपासून पुढच्या टोकापर्यंत 9 मीटर, जाऊन-येऊन 18. दुकानदार 16 स्क्वेअर (चौरस मिलीमीटर जाडीची) चालेल म्हणेल. त्यात दीड व्होल्टच्या वर गळतात, मोटर धापा टाकते आणि तापते. 35 स्क्वेअरमध्ये पाऊण व्होल्टच्या आत राहतं. टिनचा मुलामा असलेलीच हवी, नुसतं तांबं खारट हवेत काळं पडतं. मी इथून घेऊन, दोन्ही टोकांना जोडणीचे लग दाबून पाठवतो. ब्रेकर बॅटरीजवळ बसव. नांगर उचलताना इंजिन चालू ठेव, आणि काम झालं की ब्रेकर पाडून टाक, म्हणजे चुकून पाय स्विचवर पडला तरी काही फिरणार नाही.

साखळीचं माप कळव, मगच ऑर्डर दे. पैशाचं मनात आणू नकोस, आईने तिच्या खात्यातून काढायचं आधीच ठरवलं आहे.

तुझा,
बाबा

ता.क. पायाचा स्विच झाकण असलेलाच घे, आणि तो विंडलसपासून इतका लांब बसव, की बटण दाबताना वाकूनही साखळीला हात पोचणारच नाही. सैल हातमोजे घालू नकोस, केस बांधून ठेव. आणि पट्टी कधी निघणार ते आईला नाही, मला कळव.